सहा नळ्या सारख्या

आमच्याकडे येणाऱ्या माणसाची तक्रार बहुतेक एकच असते, "ओढून नाही राह्यली." ट्रॅक्टर असो, ट्रक असो की बोअरची गाडी, शब्द तेच. कशामुळे ओढत नाही हे त्याला ठाऊक नसतं, आणि खरं सांगायचं तर पहिल्या अर्ध्या तासात आम्हालाही नसतं. फरक इतकाच की आम्ही मोजायला बसतो.

मोताळ्यात मलकापूर रस्त्याला माझी डिझेल पंप दुरुस्तीची खोली आहे. सव्वीस वर्षं झाली. दुकान न म्हणता खोली म्हणतो, कारण पंप उघडला की धूळ चालत नाही. दार बंद, पंखाही बंद. मे महिन्यात आत बसून पाहा म्हणजे कळेल. पाहुण्यांत "यांचा डिझेल पंप आहे" असं कोणी सांगितलं की समोरच्याच्या नजरेत एकदम आदर येतो. मग मला खुलासा करावा लागतो की विकायचा नाही, दुरुस्तीचा. इंजिनाला लागलेला असतो तो. आदर जरा कमी होतो.

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. प्रत्येक सिलिंडरमध्ये ठरलेल्या क्षणी डिझेलचा ठरलेला थेंब जोरात मारावा लागतो. तो थेंब मोजून देतो तो मुख्य पंप. पण त्याच्यापर्यंत टाकीतलं डिझेल आणायला एक छोटा पंप लागतो, त्याला आम्ही फीड पंप म्हणतो. मध्ये पाइप आणि फिल्टर. आणि मुख्य पंपाच्या पोटात दाब कायम राहावा म्हणून परतीच्या वाटेवर स्प्रिंगचा एक छोटा रेग्युलेटर व्हॉल्व्ह. दाब ठरल्यापेक्षा वाढला की तो उघडतो आणि जास्तीचं डिझेल टाकीत परत सोडतो.

या परतीच्या डिझेलवरून वडनेर भोलजीचे एक शेतकरी माझ्याशी भांडायला आले होते. चांगले पंचवीस एकरवाले. त्यांनी परतीच्या पाइपात लाकडी खुंटी ठोकली होती आणि ट्रॅक्टर धूर ओकत होता.

"हे काऊन ठोकलं?" मी विचारलं.

"माहं डिझल वापस जाऊन राह्यलं होतं."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? वापस."

"भाऊसाहेब, ते तुमच्याच टाकीत जाते."

त्यांनी टाकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तं मंग एवढं फिरवता कायले?"

प्रश्न चुकीचा नाही. उत्तर त्यांच्याच शेतात होतं. ठिबकची नळी टाकली आणि पाण्याला दाब कमी पडला, तर पहिल्या झाडांना पाणी मिळतं आणि शेवटची कोरडी राहतात. सहा सिलिंडरच्या पंपाचंही तसंच. डिझेल एका टोकाने आत शिरतं. दाब पुरा असला तर सहाव्यापर्यंत सारखं पोचतं, नसला तर पहिला पोटभर पितो आणि सहावा उपाशी राहतो. म्हणून तिन्ही गोष्टी एकमेकांना जोडीच्या लागतात: आणणारा पंप, वाट आणि दाब धरणारा व्हॉल्व्ह. इंजिनाची ताकद वाढवायची तर तिन्ही वाढवा. हे मी त्यांना समजावलं. खुंटी काढून हातात दिली तेव्हा त्यांनी ती खिशात ठेवली.

लोकांना समजावण्यात मी हुशार होतो, हे पुढचं सांगण्याआधी नोंदवून ठेवतो.

शालिकभाऊ इंजिनं बांधायचे. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. मोताळ्यात बसस्टँडच्या मागे पत्र्याची शेड, समोर कडुनिंब. इंजिन बांधणं म्हणजे नुसतं नटबोल्ट आवळणं नव्हे. पिस्टन आणि तो ज्यात फिरतो ती लायनर यांच्यात किती फट ठेवायची, हा सगळा खेळ. फट थाऊमध्ये मोजतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. फट कमी ठेवली तर पिस्टन तापून फुगतो आणि लायनरला धरतो. जास्त ठेवली तर इंजिन तेल पितं. शालिकभाऊ मायक्रोमीटरने मोजायचे, खडूने पिस्टनच्या डोक्यावर आकडा लिहायचे, आणि तो आकडा मी तीन-चारदा हळूच ताडून पाहिला आहे. एकदाही चुकला नाही. त्यांचं इंजिन आणि माझा पंप अशी जोडी तालुक्यात सांगितली जायची. त्यांनी कधी माझा आकडा तपासला नाही. मी त्यांचा तपासायचो, हेही नोंदवून ठेवतो.

तीन वर्षांपूर्वी धामणगाव बढ्याचे प्रल्हाद पाटील आमच्याकडे आले. त्यांच्या दोन बोअरच्या गाड्या. अशा गाडीवर दोन इंजिनं असतात. एक गाडी चालवायला, दुसरं हवेचा कॉम्प्रेसर फिरवायला. ही हवाच खालचा दगडचुरा वर फेकते. पाटील म्हणाले, "पैले चारशे फुटाच्या आत काम होये. आता लोक आठशे खाली घालाले सांगून राह्यले अन् इंजिन सहाशेलेच रडते. ताकद वाढवून द्या."

इंजिन होतं दोनशे ऐंशी हॉर्सपॉवरचं. करायचं होतं साडेतीनशेचं. शालिकभाऊंनी नवे पिस्टन, नव्या लायनर घातल्या. माझ्याकडे पंप. माझ्या टेस्ट बेंचवर पंप मोटरने फिरतो आणि सहा नोझलमधून निघणारं डिझेल सहा काचेच्या नळ्यांत पडतं. पाचशे फेऱ्यांत आधी प्रत्येक नळीत त्र्याहत्तर सी.सी. यायचं, ते मी एक्याण्णववर नेलं. मोठा फीड पंप लावला. वेगळा फिरवून मोजला, मिनिटाला चार लिटर. पाइप आठचा काढून बारा मिलीमीटरचा. रेग्युलेटर व्हॉल्व्ह दीड किलो दाबाला उघडतो की नाही ते गेजवर तीनदा पाहिलं. सगळे आकडे वहीत लिहिले. पंपाला शिशाचं सील मारलं, त्यावर माझ्या पकडीचं "दि" उमटलं. दि म्हणजे दिनकर.

बसवताना टाकीकडच्या टोकाला पाइप जोडायचा पोकळ बोल्ट सापडेना. त्याच्या आतूनच डिझेल येतं. नवा बहुतेक वेष्टनाच्या कागदासोबत फेकला गेला होता. माझ्या डब्यात जुना होता. आटे तेच, बसला घट्ट, एक थेंब गळला नाही. मी हात पुसले.

चौथ्या दिवशी फोन. गाडी वडनेर भोलजीच्या शिवारात होती आणि साडेसहाशे फुटांवर इंजिन दबत होतं. मी आणि शालिकभाऊ गेलो. कपाशीच्या शेतात पांढरी भुकटी उडत होती, मजूर बाजूला बसलेले, ज्याचं शेत तो माणूस डोक्यावर हात ठेवून उभा. पाटील म्हणाले, "दिनकरभाऊ, याच्यापेक्षा पैलेच बरं होतं न."

शालिकभाऊंनी इंजिनाजवळ वाकून ऐकलं. मग मला म्हणाले, "दिनकर, पाइप खोलून पाह्यतं का एकदा?"

मी म्हणालो, "भाऊ, सगळं मोजून देल्लं आहे."

"हाव, ते तं आहेच," ते म्हणाले, आणि बाजूला झाले.

त्यानंतर मी जे केलं ते आमच्या धंद्यात रोज कोणी ना कोणी करतं. पकडीने स्वतःचंच सील तोडलं आणि डिझेल वाढवायचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. इंजिन धावलं. सातशे फुटांवर हवेनं माती वर आली, मग ओली माती. शेतवाल्याने आम्हाला चहा पाजला. मी नवं सील मारलं. वहीत मात्र नोंद केली नाही, कारण स्क्रू फिरवल्यावर किती झालं हे बेंचशिवाय कळत नाही, आणि मोजल्याशिवाय आकडा लिहायची मला सवय नाही. ही पळवाट मला तेव्हा तत्त्व वाटली.

अकरा दिवसांनी इंजिन धरलं. चालता चालता जाम.

शालिकभाऊंच्या शेडमध्ये हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं तेव्हा मी, पाटील आणि ते स्वतः, तिघेच होतो. एक नंबरचा पिस्टन लायनरला चिकटलेला, कड वितळलेली. दोन नंबरवर ओरखडे. पाच आणि सहा मात्र नव्यासारखे, वरची काजळीसुद्धा पुरती धरलेली नाही. पिस्टनची डोकी वाचता येतात. मला येतात. एक-दोन जळालेले आणि पाच-सहा कोरे, याचा अर्थ काय हे मी त्या वडनेरच्या शेतकऱ्याला ठिबकच्या नळीवरून सांगितलं होतं. त्या दिवशी मी पाहिलं आणि पाहिलं नाही.

पाटील म्हणाले, "भाऊ, फट कमी ठेवली का तुमी?"

शालिकभाऊ खाली बसले होते. बोट लायनरवरून फिरवत म्हणाले, "मी तं सहा थाऊ ठेवली होती."

"मंग धरला काऊन?"

शालिकभाऊंच्या मोतिबिंदूच्या ऑपरेशनला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

पाटलांनी पंपही तपासायला सांगितला. तो त्यांचा हक्कच होता. दुसऱ्या दिवशी खोलीत बेंचवर पंप लावला. पाटील माझ्या शेजारी. शालिकभाऊ दाराजवळच्या स्टुलावर. तिथून काचा दिसतात, आकडे दिसत नाहीत. पाचशे फेऱ्या झाल्या. सहाही नळ्यांत पातळी एका रेषेत. एकशे तीन.

एक्याण्णव नाही, एकशे तीन. अर्ध्या फेऱ्याने बारा सी.सी. वाढले होते. पाटलांना एकशे तीन म्हणजे काय ते माहीत असायचं कारण नव्हतं. मी म्हणालो, "पंप बरोबर आहे. पाहा, सहाही नळ्या सारख्या."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. बेंचला स्वतःचा फीड पंप आहे, स्वतःचे पाइप आहेत. बेंचवर कुठलाही पंप उपाशी राहत नाही. तिथे सहा नळ्या सारख्या येणारच होत्या.

शालिकभाऊ उठले. "मंग माह्याकूनच झालं," एवढंच म्हणाले आणि पायात चपला घातल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

पाटलांनी इंजिन खामगावच्या कारखान्यात नेलं. शालिकभाऊंकडे आणखी एक ट्रॅक्टर उघडून पडला होता, तो त्यांनी मालकाला तसाच उचलून न्यायला सांगितला. "डोये काम देऊन नाही राह्यले" असं ते सगळ्यांना सांगू लागले. शेड बंद केली आणि मुलाच्या कृषी केंद्रात बसू लागले. मी एकदा सोयाबीनच्या फवारणीचं औषध घ्यायला गेलो तर बाटलीवरची तारीख त्यांनी मलाच वाचायला लावली. येणाऱ्या प्रत्येकालाच लावत होते.

दिवाळीच्या आधी पाटलांचा माणूस तोच पाइप घेऊन आला. खामगाववाल्यांनी नवी लाइन टाकली होती, जुनी दुसऱ्या गाडीला बसवायची होती. पाइपाच्या टोकाला पोकळ बोल्ट तसाच. मी तो काढला, उजेडाकडे धरला आणि मोजायला व्हर्निअर लावला. आतलं भोक चार मिलीमीटर. छोट्या इंजिनाचा बोल्ट होता तो. बाहेरून आटे सारखे, आतून पाइपाचा तिसरा हिस्सा. मी पंप मोजला, व्हॉल्व्ह मोजला, पाइप मोजला. बोल्टाला कोण मोजतं. इंजिनाला डिझेल कमी पडत होतं. पाच-सहा उपाशी होते म्हणून ताकद नव्हती. मी स्क्रू फिरवला तेव्हा सगळं वाढलेलं डिझेल पुढच्या सिलिंडरांनी प्यायलं आणि ते जळले. शालिकभाऊंची सहा थाऊ सहाच थाऊ होती.

बोल्ट मी घरी नेला आणि टेबलाच्या खणात ठेवला.

यानंतरचं सांगायला अवघड जातं. मी चार महिने काही बोललो नाही. रोज सकाळी ठरवायचो, संध्याकाळी कारण सापडायचं. सण आहे. त्यांच्याकडे पाहुणे आहेत. आता ते दुकानात रमले आहेत. एक दिवस बायकोने, मंगलने, खण आवरताना बोल्ट काढला.

"हे खोलीतलं घरात काऊन आणलं?"

मी तिला सगळं सांगितलं. ती पूर्ण ऐकून म्हणाली, "म्हंजे ते बिचारे सहा महिन्यांपासून सोताले आंधये समजून राह्यले?"

हे वाक्य मी स्वतःशी त्या शब्दांत कधी मांडलं नव्हतं. त्याच दुपारी गेलो.

कृषी केंद्रात गिऱ्हाईक नव्हतं. शालिकभाऊ खुर्चीत, मागे खतांची पोती. मी बोल्ट त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "भाऊ, पाटलाच्या इंजिनात चूक माही होती. टाकीकडं हा लावला होता मी. भोक चारचं आहे."

त्यांनी बोल्ट तोंडाला लावून फुंकला. सगळे मिस्त्री तसंच करतात. मग दुसऱ्या बाजूने फुंकला.

"अन् स्क्रू तू फिरवला होता, तवा?"

"अर्धा फेरा. बेंचवर एकशे तीन आलं होतं. मी सांगतलं नाही."

"हा बोल्ट कवा सापडला?"

"दिवाळीच्या आंधी."

बाहेर होळीसाठी पोरं लाकडं ओढून नेत होती. "बुलढाण्याले दोनदा गेलो मी डॉक्टरकडं," ते म्हणाले. "तो म्हने नजर चांगली आहे, बाबा. मले वाटलं पैसे घेऊनही खोटं बोलते." मग म्हणाले, "चहा घेशीन?"

मी घेतला. न घेण्याची हिंमत नव्हती.

पुढे मी त्यांना घेऊन धामणगावला गेलो आणि पाटलांना ओसरीत बसून क्रमाने सगळं सांगितलं, आकड्यांसकट. पाटील माझ्याशी जे बोलले ते इथे लिहीत नाही. मी त्याला पात्र होतो. शालिकभाऊंचे त्यांनी पाय धरले. दुसऱ्या गाडीचं इंजिनही आता वाढवायचं होतं. "भाऊ, हे तुमीच बांधा," ते म्हणाले. शालिकभाऊ हो म्हणाले. परतताना एस.टी.त ते माझ्याशी पावसावर, कपाशीच्या भावावर बोलत होते. मला वाटलं, निभावलं.

या वेळी मी पंप एकटा मोजला नाही. गाडीची टाकी, गाडीचे पाइप, बोल्ट, फिल्टर, व्हॉल्व्ह, सगळं खोलीत आणून जोडलं आणि सहाव्या सिलिंडरकडच्या टोकाला गेज लावून पंप फिरवला. दाब दीड किलो, हलला नाही. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या इंजिनाला मी हेच करतो. गिऱ्हाईक म्हणतं, फार वेळ लावता. लावतो.

शेड उघडून आठ दिवस झाले होते तेव्हा शालिकभाऊंनी निरोप पाठवला. गेलो. इंजिनाचा ब्लॉक स्टँडवर होता, धुऊन पुसून. सहा पिस्टन पाटावर ओळीने मांडलेले. प्रत्येकाच्या डोक्यावर खडूचा आकडा, आणि तो आकडा पुसून पुन्हा लिहिलेला, पुन्हा पुसलेला. पिस्टन पांढरे झाले होते. वर सहाही ठिकाणी शेवटी तोच आकडा होता.

त्यांनी मायक्रोमीटर एका पिस्टनवर लावून माझ्याकडे केला. "वाच."

मी वाचला. "तुमी लिवलं तेच आहे, भाऊ."

"लायनर पाह्य."

मी लायनर मोजली. वजाबाकी केली. "सहा थाऊ."

"पुन्हा पाह्य."

पुन्हा पाहिलं. मग दुसरा, तिसरा, असे सहाही. दीड तास लागला. त्यांचा एकही आकडा एका काट्यानेही चुकलेला नव्हता. त्यांचा हात स्थिर होता. मी मुद्दाम पाहिलं.

"सगळं बरोबर आहे, भाऊ," मी म्हणालो. "घाला पिस्टन."

ते माझ्याकडे पाहत होते. "बरोबर तं तवाही होतं, दिनकर. माहंही अन् तुहंही. आता बरोबर आलं तरी मन नाही मानत."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मायक्रोमीटर पुसला, डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं. पिस्टनवर एक स्वच्छ फडकं टाकलं आणि त्याची टोकं नीट ओढून घेतली.

"पाटलाले फोन लाव," ते म्हणाले. "म्हन, इंजिन खामगावले घेऊन जाय."

मी फोन लावला.